थांब म्हटलं तर परत यायचं

"उद्या तृतीया. सव्वासातला या. सव्वाआठला पानी फिरंल. मागनं येनाऱ्यानं आपापल्या कुत्र्याला पोवायला शिकवायचं."

शेवंतीकाकींचा निरोप असा यायचा. मोबाइलच्या ग्रुपवर, त्यांच्या स्वतःच्या आवाजात, मागे कुठेतरी कुकरची शिट्टी. काकींना लिहिता-वाचता येत होतं, पण बोटं जाड आणि मोबाइलवरची अक्षरं बारीक, त्यामुळे त्या बोलून मोकळ्या व्हायच्या. भाट्याच्या किनाऱ्यावर त्या कुत्र्यांचा वर्ग घेत. वर्गाला वार नव्हता, तिथी होती. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे तीन-चार दिवस सकाळी, आधीचे दोन-तीन दिवस संध्याकाळी, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे समुद्र धड आत नाही आणि धड बाहेर नाही, तेव्हा सुट्टी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते आणि त्यात सहा तास मिळवले की ओहोटीची, हे गणित मी, पंधरा वर्षं शाळेत गणित शिकवणारी बाई, काकींकडून शिकले. पहिल्या महिन्यात मी ग्रुपवर नव्हते, तेव्हा दोनदा चुकीच्या वेळी गेले. दुसऱ्यांदा तर किनाऱ्यावर वर्गापुरती वाळूच शिल्लक नव्हती.

ओली, घट्ट वाळू हा काकींचा फळा. कुत्रा चालत असताना त्या त्याच्याकडे फारसं बघायच्याच नाहीत. आपण कुत्र्याला घेऊन पन्नास पावलं जायचं, वळायचं, परत यायचं. तोवर त्या आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून समुद्राकडे तोंड करून तंबाखूची मिस्री लावत असायच्या. आपण आलो की उठायच्या आणि गुडघ्यावर हात टेकत आपल्या पावलांच्या ठशांवरून चालत जायच्या. मग निकाल.

माझा पहिला निकाल अजून आठवतो. आमच्या मुलीनं हट्ट करून लॅब्राडोरचं पिल्लू आणलं आणि स्वतः इंजिनिअरिंगला पुण्याला निघून गेली. पिल्लू गोल गरगरीत होतं म्हणून सासूबाईंनी त्याचं नाव भोपळा ठेवलं. वर्षभरात त्या भोपळ्याचं वजन माझ्या निम्म्याच्या वर गेलं आणि वडापावच्या गाडीकडे धाव घेताना त्यानं एकदा माझं मनगट मुरगळलं. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "कुत्र्याला काही झालेलं नाही. काकींकडे जा." मी गेले, तर काकी म्हणाल्या, "कुत्रा गाडीत ऱ्हाऊ दे. आधी तुमी चाला."

मी एकटीच, हातात पट्टा नसताना, पंचवीस-तीस लोकांसमोर मूर्खासारखी चालून आले. काकी ठसे बघत गेल्या, परत आल्या.

"घरात भांडून आलात काय?"

त्या दिवशी सकाळी घरात खरंच वाजलं होतं, आणि त्याचं कारणही भोपळाच होता.

"डावी टाच बगा किती खोल हाय. रागात चालता तुमी. मग त्यानं काय समजायचं?"

नंतर भोपळ्याला घेऊन चालले. या वेळी त्या एका जागी थांबल्या आणि मला बोलावलं. "हितं त्यानं नखं रोवलीन. का? तर हितं तुमी टाच रोवलीत. आधी कोन? टाच आधी. मग नखं." मी म्हटलं, मी पट्टा ओढलाच नाही. काकी हसल्या. तांबूस झालेले, पण सगळेच्या सगळे दात. "समदे असंच म्हनतात. वाळू म्हनत नाय."

ठशांबद्दल त्यांचं आणखी एक वाक्य होतं. कुणी फारच खट्टू झालं की म्हणायच्या, "असू दे. सा तासांनी पानी येतंय. चूक त्याच्यापेक्षा जास्त येळ ठेवू नये."

काकींचा कुत्र्यांशी संबंध पुस्तकातून आलेला नव्हता. त्यांनी तीस वर्षं बंदरावर मासळी विकली. बंदरावर माणसं जितकी तितकी कुत्री, आणि कुणाच्याही टोपलीतून बांगडा पळवणं हा त्या कुत्र्यांचा धंदाच. बाकीच्या बायका काठी बाळगायच्या. काकींच्या टोपलीला मात्र कुत्र्यानं कधी तोंड लावलं नाही, असं त्या अभिमानानं सांगत, आणि बंदरावरच्या दोन-तीन जणींनी ते मला खरं असल्याचं सांगितलं. एक म्हणाली, "तिचीच कुत्री आमच्या टोपल्या पळवायची, तिची नाय." यातली युक्ती काकींना होडीवरून मिळाली होती. त्यांचे यजमान मच्छीमार होडीवर खलाशी होते. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा, एकेका खलाशाचा. काम केलं त्याला वाटा. काकींनी त्यात कुत्र्यांना धरलं. दिवसभर टोपलीपासून दोन हात लांब बसायचं हे कुत्र्यांचं काम, आणि टोपली रिकामी झाली की त्याच पायरीवर, त्याच क्रमानं, न ओरडता प्रत्येकाचा वाटा. एक दिवस चुकवला नाही.

"भीक घालू नका, वाटा द्या," हे त्यांचं पहिलं सूत्र. भीक म्हणजे कुत्र्यानं तोंड वर केलं म्हणून टाकलेला तुकडा. आधी दाखवून मग काम सांगायचं ती लाच. त्यांच्या मते आम्ही सुशिक्षित लोक कुत्र्यांना एक तर भिकारी करत होतो, नाही तर लाचखाऊ. "आनि मंग म्हनतात, ऐकत नाय. कशाला ऐकंल?"

वाट्यासाठी काकी सुका जवळा वापरायच्या. त्यांनी मलाही पिशवीभर दिला. आमच्या घरात मासळीचं नावही घेत नाहीत. मी तो जवळा ओढणीच्या गाठीत बांधून दोन दिवस लपवला. तिसऱ्या दिवशी ओढणी चुकून वॉशिंग मशिनमध्ये गेली आणि सगळ्या घराचे कपडे बंदरावरून आल्यासारखे झाले. सासूबाईंनी देवाची वस्त्रंही त्याच मशिनमध्ये टाकली होती. पुढचं मी लिहीत नाही. रडकुंडीला येऊन काकींना सांगितलं, तर त्यांना त्यात अडचणच दिसेना.

"मग खोबरं द्या. वाटा पायजे. मासाच पायजे असं कुनी सांगितलान?"

खोबऱ्याला सासूबाईंची हरकत असण्याचं कारण नव्हतं. उलट त्या स्वतःच विळीवर खोबऱ्याचे एकसारखे तुकडे करून डबीत भरून ठेवू लागल्या. पुढे पुढे तर फाटकातून वर्तमानपत्र आणण्याचं काम त्यांनी भोपळ्याला लावलं आणि पेपर हातात आल्याशिवाय डबी उघडायची नाही असा दंडक घातला. काकींना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण माझा नवरा जाता-येता भोपळ्याला खाऊ घालायला लागला की त्या त्याला दम द्यायच्या, "भीक घालू नकोस रे त्याला." ही माझ्याकडून ऐकलेली काकींची भाषा, आमच्या स्वयंपाकघरात.

दिसायला काकी उंच, हाडापेरानं दणकट आणि काळ्या. साडी घोट्याच्या वर खोचलेली, वर मुलाचा जुना फुलशर्ट, पाय कायम अनवाणी. गुडघे कामातून गेल्यामुळे उजवं पाऊल बाहेर फाकायचं. इतक्या कुत्र्यांत त्यांचा ठसा लांबूनही ओळखू यायचा. आवाज बंदरावर कमावलेला होता, पण तो माणसांसाठी. कुत्र्यांशी त्या पुटपुटल्यासारखं बोलत. दुसऱ्याच्या कुत्र्याला कधी आपण होऊन हात लावायच्या नाहीत. त्याच्या शेजारी, त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या, आणि त्यानं येऊन हात हुंगला की मगच. हातातली दोरी जुन्या जाळ्याची, मऊ पडलेली. काठी नाही, शिट्टी नाही. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, ती कुत्र्यांवरून. मी "भोपळ्याची बाई", आणि त्याबद्दल शाळेतल्या मुलांना कळू नये म्हणून मी फार जपायचे.

त्यांचा स्वतःचा कुत्रा तांडेल. गावठी, तांबडा, एक कान मोडलेला. लहानपणी कुठेही निघाला की पुढे चालायचा म्हणून होडीच्या म्होरक्याचं नाव त्याला मिळालं होतं. बंदरावरच्याच कुणा कुत्रीचं शेवटचं पिल्लू. आठ वर्षं तो काकींच्या डाव्या हाताला होता. वर्गात काही करून दाखवायचं असेल तर काकी त्याला सांगायच्या. "थांब" म्हटलं की तो थांबायचा. काकी दोनशे पावलं लांब जायच्या, पाठमोऱ्या, एकदाही न वळता. तो पापणी लववायचा नाही. मग त्या त्याच वाटेनं परत यायच्या, त्याच्याजवळ पोचायच्या, आणि "चल" म्हणायच्या. लांबून हाक मारून कधी सोडवायच्या नाहीत.

आणि इथे त्यांचं दुसरं सूत्र होतं, पहिल्यापेक्षा कडक. "थांब म्हटलं तर परत यायचं. येनार नसाल तर थांब म्हनू नका. दुसरं कायबी म्हना."

आम्ही सगळे ते ऐकून घ्यायचो. त्याचा अर्थ सावंत कंत्राटदारांच्या दिवशी कळला.

सावंत म्हणजे शर्टाच्या दोन खिशांत दोन मोबाइल आणि दोन्ही वाजते. जर्मन शेफर्ड, सुलतान नावाचा, हुशार आणि देखणा. त्या दिवशी सावंतांनी सुलतानला अगदी पाण्याच्या कडेला बसवलं, "थांब" म्हटलं आणि मागे मागे जात असतानाच फोन आला. बोलत बोलत ते रस्त्याकडे, सुरूच्या झाडांपलीकडे, गाडीत जाऊन बसले. आम्ही सगळे दुसऱ्या टोकाला एका नव्या, भुंकून भुंकून घसा बसलेल्या पॉमेरियनभोवती जमलो होतो. उधाणाचे दिवस. पाणी फिरलेलं.

काकींनी मान वर केली आणि निघाल्या. त्या गुडघ्यांनी त्या पळू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. सुलतान होता तिथेच बसला होता. पाणी त्याच्या पोटाला लागत होतं, लाट आली की छातीपर्यंत. तो थरथरत होता आणि डोळे रस्त्यावर. उठणं त्याला अवघड नव्हतं. चार उड्या मारल्या असत्या तर कोरड्यावर आला असता. काकी पाण्यात जाऊन त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या, त्याच्या मानेवर हात ठेवला, पण त्याला उठवला नाही. मला ओरडून म्हणाल्या, "त्या मानसाला घेऊन ये! शब्द त्याचा हाय, त्यानंच सोडवायचा!" एरवी त्या मला तुम्ही म्हणत. तेवढ्यापुरतं मी "ये" झाले.

सावंत आले ते आनंदानं. एका हातानं मोबाइलवर व्हिडिओ काढत. "बघा! बघा काय शिस्त आहे! हलला नाही पठ्ठ्या!"

"सोडवा त्याला आधी," काकी म्हणाल्या. सावंत पाण्यात शिरले, "चल" म्हणाले, सुलतान ताडकन उठला आणि त्यांच्या अंगावर झेपावला. मग काकी बोलल्या, हळू आवाजात, म्हणजे कुत्र्यांशी बोलतात तशा.

"तो तुमच्या शब्दावर बसला व्हता. तुमचा शब्द कुठं बसला व्हता, गाडीत?"

सावंतांचा चेहरा उतरला. "काकी, फोन महत्त्वाचा होता..."

"आता तुमी थांबा. हितंच. मी येतंय."

आणि त्या सुलतानला घेऊन वर निघून गेल्या. खुर्चीत बसल्या. पदरानं त्याला कोरडा केला, जवळ्याचा वाटा दिला, मग मिस्री काढली. पन्नास-साठ मजूर ज्यांच्या शब्दावर चालतात असा तो माणूस गुडघाभर पाण्यात, बूट घालून, उभा. दोन्ही खिशांत फोन आळीपाळीनं वाजत होते. आम्हाला वाटलं आता भडकतील, निघून जातील, परत येणार नाहीत. ते हलले नाहीत. वीसेक मिनिटांनी काकी तेवढ्या पाण्यात परत गेल्या आणि म्हणाल्या, "चला." सावंतांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवसापासून त्यांचे दोन्ही फोन ड्रायव्हरकडे आणि ड्रायव्हर रस्त्यावर.

यानंतर वर्षभरानं, गेल्या वर्षी, एका द्वितीयेला निरोप आला नाही. मी काकींच्या घरी गेले. खाडीच्या अंगाला दोन खोल्यांचं कौलारू घर, उंबऱ्यावर तांडेल. काकी खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या. न्हाणीत पाय घसरून पडल्या होत्या आणि शेजारणीला कळेपर्यंत दुपार झाली होती.

"तांडेल भुकून भुकून मेला. पन तो रोज भुकत नाय ना, म्हनून लोकांना वाटलं साप निघाला असंल. कुनी आत येईना." हे त्यांनी हसत सांगितलं. मग म्हणाल्या, "प्रमोद न्यायला येतोय. नालासोपाऱ्याला. आता कायमचं."

प्रमोद त्यांचा एकुलता एक मुलगा, मुंबईकडे कारखान्यात. आईनं यावं म्हणून पाच वर्षं मागे लागला होता. चांगला मुलगा. पण नातवाला दमा, घरात कुत्रं चालणार नाही, डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं.

मी तांडेलकडे बघितलं. काकींनी माझं बघणं बघितलं.

"दोन मैनं हायत," त्या म्हणाल्या. "त्याला दुसऱ्याचा करायला."

मी म्हटलं, "काकी, मी नेते त्याला. भोपळ्याशी त्याचं जमतंच. अगदी तुमच्यासारखं सांभाळेन." मला खात्री होती की त्या हो म्हणतील. पहिला महिना सोडला तर तीन वर्षांत मी एक वर्ग चुकवला नव्हता, माझे ठसे आता सरळ उमटत होते.

"नाय," काकी म्हणाल्या. "सावंतांना देनार."

मला राग आला हे कबूल करते. ज्या माणसानं कुत्रा भरतीत बसवून फोनवर गप्पा मारल्या त्याला? मी ते तोंडानं बोललेही. तांडेल उठून खाटेपाशी आला. काकी त्याचा मोडका कान बोटांत फिरवत राहिल्या.

"प्रमोद पाच वर्साचा व्हता," त्या म्हणाल्या. "बंदराच्या पायरीवर बसवला त्याला. म्हटलं, हितं थांब, आई येते. होडी आली व्हती, सुरमई आली व्हती, गिऱ्हाईक तुटून पडलेलं. मी विसरले. बाई, सोताचा पोर विसरले. उन्हं कलली तवा आठवलं. धावत गेले तर तसाच बसलेला. त्वांड उन्हानं सोललेलं, चड्डीत मुतलेला, पन पायरी सोडली नाय. मला म्हनतो, आई, मी थांबलो. त्याला आता आठवत नाय. मला आठवतं. त्याच्या मागारी मी कुनाला खोटं थांब म्हटलं नाय."

काकींनी कान सोडला आणि माझ्याकडे बघितलं.

"सावंतांची ती चूक एकदा झालीय. आता व्हायची नाय. तुमची अजून व्हायची हाय."

हे वाक्य मला त्या दिवशी लागलं. आता लागत नाही, पण विसरलेही नाही.

पुढचे दोन महिने काकींनी तांडेलला एकच शब्द शिकवला. "जा." इतकी वर्षं त्यांच्या कुत्र्याला हा शब्द माहीतच नव्हता. सावंत वीस पावलांवर उभे राहायचे, काकी "जा" म्हणायच्या आणि वाटा आता सावंतांच्या हातात. तांडेल जायचा, वाटा घ्यायचा आणि वळून काकींकडे यायचा. काकी त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. वाट्याला न जुमानणारा कुत्रा मी तिथे पहिल्यांदा बघितला. मग सावंतांनी त्याला घरी न्यायला सुरुवात केली, एक दिवस, दोन दिवस. सावंतांचं घर भाट्याच्या पुलापलीकडे, शहरात. रोज पहाटे दूधवाला यायच्या वेळी तांडेल पूल ओलांडून काकींच्या उंबऱ्यावर हजर. काकी दार उघडत नसत. आतूनच म्हणायच्या, "जा." शेजारीण सांगत होती, पहिल्या आठवड्यात एकदा म्हणून भागायचं नाही. दारापलीकडे तो आणि दाराअलीकडे ही, दोघंही लाकडाला टेकून. सावंत रस्त्यावर उभे असायचे. ते त्याच्या मागोमाग रोज पूल ओलांडून चालत यायचे, त्याला अडवायचे नाहीत, आणि परत जाताना त्याच्या बरोबर जायचे. काकींनी तसंच सांगितलं होतं.

निघायच्या दिवशी द्वितीया होती. काकींनी ती बघूनच दिवस ठरवला असणार. म्हणाल्या, वर्ग घेऊन जाते. प्रमोद गाडी घेऊन आला होता, सुरूच्या झाडांखाली लावली होती. आम्ही सगळे नेहमीसारखे चाललो, काकींनी नेहमीसारखे निकाल दिले. भोपळ्याचे ठसे बघून म्हणाल्या, "बरं हाय." एवढं कौतुक त्यांनी कधी कुणाचं केलं नव्हतं.

मग त्या पाण्याच्या कडेला गेल्या. तांडेल डाव्या हाताला. सावंत तीस-चाळीस पावलांवर, बाजूला. प्रमोद खाली आला होता, घड्याळात बघत होता. त्याच्या दृष्टीनं यात अडचण काहीच नव्हती.

"आई, थांब सांग ना त्याला," तो म्हणाला. "तुझं ऐकतो. थांब म्हण आणि चल. मागे येणार नाही तो. गाडी निघाली की सावंतसाहेब बघतील."

खरंच होतं ते. "जा" म्हटल्यावर तांडेल परत फिरेल याची भीती सगळ्यांनाच होती. "थांब" म्हटलं असतं तर तो तिथेच बसला असता. काकींनी प्रमोदकडे बघितलं. नुसतं बघितलं. त्याला त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला आणि सावंतांना कळला असावा, कारण त्यांनी मान खाली घातली.

काकी खाली वाकल्या. तांडेलच्या मोडक्या कानात काही पुटपुटल्या असतील तर ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग सरळ झाल्या आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "जा."

तांडेल उभा राहिला. एकदा त्यांच्याकडे, एकदा सावंतांकडे. आणि गेला. सरळ सावंतांपाशी गेला आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसला. सावंतांनी वाटा दिला. तांडेलनं तो तोंडात धरून ठेवला, खाल्ला नाही.

काकी रस्त्याकडे चालू लागल्या, तेव्हा मी भोपळ्याच्या पट्ट्यात तोंड घालून उभी होते. माझ्यानं बघवेना. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, गाडी पुलाकडे गेली. लोक एकेक करून पांगले. काकींची खुर्ची तिथेच राहिली होती, ती आणायला मी गेले आणि सवयीनं खाली बघितलं.

उजवं पाऊल बाहेर फाकलेलं, त्यांचीच वाट. पाण्यापासून रस्त्याकडे गेलेली, सरळ. एकाही पावलाचा चवडा मागे वळलेला नव्हता. पण विसाव्या-पंचविसाव्या पावलावर दोन्ही पावलं शेजारी शेजारी होती, आणि खोल. घोट्याइतके दोन खड्डे, त्यात पाणी साचलेलं. ओल्या वाळूत माणूस बराच वेळ उभा राहिल्याशिवाय असे खड्डे पडत नाहीत, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. त्या पुढे तोंड करूनच उभ्या होत्या. किती वेळ, ते वाळू सांगत होती.

सावंत तांडेलला घेऊन आले. त्यांनीही ते बघितलं. तांडेलनं दोन्ही खड्डे हुंगले, तोंडातला जवळा त्यात ठेवला आणि शेजारी बसला. त्याला कुणी "थांब" म्हटलं नव्हतं.

सावंतही काही म्हणाले नाहीत. रस्त्यावरून ड्रायव्हर फोन हातात उंच धरून हाका मारत होता. सावंतांनी तिकडे बघितलं नाही. पाणी वर सरकत आलं, खड्ड्यांत शिरलं, त्यांच्या बुटांवरून गेलं. काकींनी बरोबर माणूस निवडला होता, हे मला तेव्हा पटलं. मी खुर्ची उचलली आणि भोपळ्याला घेऊन वर आले. झाडांपाशी पोचल्यावर वळून बघितलं. दोघंही तिथेच होते, पाणी तांडेलच्या पोटाला टेकलं होतं. मग तो आपण होऊन उठला, अंग झाडलं आणि सावंतांच्या डाव्या हाताला येऊन उभा राहिला. त्यानंतरच सावंतांनी पाऊल उचललं.